ओढ शून्य

बसवराज हावळची दारू सुटली, ही बातमी गल्लीत सगळ्यांत शेवटी कळली ती बसवराज हावळलाच. आणि त्याला ती काही केल्या पटेना.

गुरुवारी सकाळी केंद्राच्या हॉलमधल्या पडद्यावर नावं आली. ‘हावळ बसवराज इराप्पा, वय सत्तेचाळीस, सहा आठवडे पूर्ण, ओढ शून्य.’ टाळ्या पडल्या. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी पेढा तोंडात कोंबला. पेढा चघळत बसू पडद्याकडे बघत होता, पण डोक्यात भलतंच चाललं होतं. फाटकातून बाहेर पडून डाव्या हाताला वळलं, की देशीचं दुकान दोनशे सत्तर पावलांवर आहे. ही पावलं त्यानं कधी मुद्दाम मोजली नव्हती. पहिला आठवडा वॉर्डात काढल्यावर रोज घरून केंद्रात जाता-येता पायांनीच ती मोजून ठेवली होती.

पेढा गिळून तो थेट रेवती चौगुलेच्या टेबलापाशी गेला. रेवती ही केंद्रातली समुपदेशक. वय सत्तावीस, चष्मा डोक्यावर ठेवून तोच सगळीकडे शोधणारी, पण मनानं चांगली.

“मॅडम, काय तरी चुकलंय. मला अजून लागतीय.”

“काय लागतंय काका?”

“काय म्हणजे? दारू. आत्ता तुमच्यासंगं बोलतोय, तवा बी लागतीय.”

रेवतीनं त्याचा आलेख उघडला. खाली एक सरळ रेघ, सहा आठवड्यांची, कुठं टेंगूळ म्हणून नाही. “घाबरलाय तुम्ही. इतके दिवस इथं सांभाळून घेतलं, आता बाहेर पडायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतोच. पण हे बघा ना, आत्ता या घडीलासुद्धा शून्य.”

पंधरा वर्षं बसूनं ‘घेतलेली न्हाई’ असं देवाशप्पथ सांगितलं होतं आणि लोकांनी ते मानून घेतलं होतं. आज जन्मात पहिल्यांदा तो दारूबद्दल खरं बोलत होता, तर एक यंत्र त्याला खोटं पाडत होतं.

यंत्र म्हणजे छातीवर, खांद्याच्या हाडाखाली चिकटवलेली रुपयाएवढी चकती. माणसाला दारू हवीशी वाटते, ते त्याच्या मनाला कळायच्या आधी शरीराला कळलेलं असतं. दोन-तीन मिनिटं आधीच नाडीची लय किंचित ढळते, कातडीवर दिसणारही नाही इतका घाम येतो, त्या घामातली काही रसायनं वाढतात, स्नायू आखडतात. चकती हे सगळं टिपते. तिच्या पोटात औषधाची एक इवलीशी नळी असते. ओढ वाढली की नळीतला एक थेंब कातडीतून आत जातो, आणि मेंदूतली ती मागणी वर यायच्या आतच विझून जाते. दारू मनात येते आणि मनातच राहते. ज्यांना हा थेंब मिळत होता ते ट्रकवाले, हमाल वगैरे सांगायचे, की हाडाखाली क्षणभर गार लागतं. बसूला कधी काही लागलं नव्हतं. आपलं कातडंच निबर असेल, असं तो समजत होता.

मात्र चकतीची एक अडचण होती. तिला ओढ कळत नाही, तिला नुसती खळबळ कळते. कुणी मुळातच धास्तावलेला, कुणी मुळातच थंड. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला अर्धा तास शांत बसवून त्याची नेहमीची खळबळ मोजायची. त्याला केंद्रात ‘तळ’ म्हणत. पुढं जे काही मोजलं जाईल, त्यातून हा तळ वजा करायचा. उरेल ती ओढ.

आणि या ओढीवर सगळी गाडी चालायची. इचलकरंजीतले साधे माग बंद पडून पाच वर्षं झाली होती. त्या जागी आलेल्या बंद हॉलमधल्या विणयंत्रांना माणूस लागत नव्हता. ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी सरकारनं ‘श्रमसेतू’ योजना काढली. घरात भत्ता यायचा, पण अट एकच, की नवं काम, इथं बहुतेक गोदामातलं, शिकायचं आणि धरायचं. ज्याला व्यसनापायी काम धरता येत नाही, त्याचा उपचारही योजनेच्या पैशातून. केंद्राला पैसे मिळायचे ते उपचार केल्याचे नाही, तर शून्य ओढीनं कामावर रुजू झालेल्या माणसामागे. माणूस शून्य झाला, की त्याची चकती काढायची आणि जागा पुढच्याला द्यायची. बाहेर रांगेत तीनशे माणसं होती. कागदावर यात चुकीचं काहीच नव्हतं.

घरी भारतीनं दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बातमी केंद्रातून थेट तिच्या मोबाइलवर आली होती. ती एका दवाखान्यात आया होती. गेली पाच वर्षं दोन-दोन पाळ्या करून तिच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या.

“आता रातपाळी सोडणार बघा मी,” ती चहा गाळत म्हणाली. “मेट्रनला सांगून बी आले.”

“भारती, मला लागतीय अजून.”

तिचा हात थांबला. “यंत्र शून्य म्हणतंय की.”

“यंत्र चुकतंय.”

“यंत्र चुकतंय, आन् तुमी बरोबर!” ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “गोदामातली पाळी जिवावर आलीय म्हणा की सरळ. सहा आठवडं आयतं बसून खायची सवय लागली.”

तिचं तरी काय चुकलं? पोटदुखीचं सोंग, चोरीला गेलेली सायकल, मेलेला म्हणून सांगितलेला आणि पुढच्याच महिन्यात घरी जेवायला आलेला मित्र, असं बरंच काही तिनं पाहिलं होतं. बसूनं चहा घेतला. सात वाजले, पाळी सुटायची वेळ झाली. कारखाना जाऊन पाच वर्षं झाली तरी शरीराला ती वेळ पाठ होती. त्याच्या पोटातून काहीतरी वर चढू लागलं. तो नेहमीसारखा मोरीत गेला, दार लावलं, टॉवेल दातांत धरला आणि ते उतरेपर्यंत बादलीवर बसून राहिला.

शुक्रवारी तो पुन्हा रेवतीपुढे जाऊन बसला. ती हातातलं काम उरकत होती. पडद्यावर यादी उघडी होती, सगळ्यांची नावं, पूर्वीचा धंदा आणि तळ. बसू जॉबर होता. बावीस वर्षं चोवीस माग त्यानं एकट्यानं चालते ठेवले होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टरच म्हणा. कुठं काय बिघडलंय ते शोधणं, ही त्याची पोटापाण्याची विद्या. त्यानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

“मॅडम, हमालाचा तळ अकरा, ट्रकवाल्याचा चौदा, हॉटेलवाल्याचा नऊ. आन् मागवाले बघा. एकेचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस. माझा सत्तेचाळीस.”

“हो, विणकरांचा तळ जास्तच येतो. आम्ही अहवालातही लिहिलंय. आणि तुम्हा लोकांना औषधही फारसं लागत नाही. विणकरांची जिद्द म्हणून पेपरात लेखसुद्धा आला होता.”

“तळ कुठं मोजला हो माझा?”

“पहिल्या दिवशी नाही का, त्या शांत खोलीत.”

शांत खोली! बसूला ती लख्ख आठवली. भिंतींना कापूस, दाराला रबर, पंख्याचासुद्धा आवाज नाही. त्या अर्ध्या तासात त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

“मॅडम, मागाच्या शेडमध्ये आवाज चालू हाय तवर सगळं ठीक हाय. आवाज कवा थांबतो? लाइट गेली तर, न्हाईतर काय तरी मोडलं तर. कुणाचा तरी हात सापडला तर. चोवीसातला एक माग थांबला, तर माझ्या मनाला कळायच्या आत माझं पाय तिकडं पळायचं. तुमी मला अर्धा तास अशा जागी बसवला, जिथं चोवीसच्या चोवीस थांबल्यात!”

रेवतीनं डोक्यावरचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मागवाल्यांचे आकडे तिनं बोट लावून पुन्हा वाचले. मग तिनं टेबलाच्या खणातून हातात धरायचं मोजणीयंत्र काढलं आणि म्हणाली, “गावात कुठं जुने माग चालू आहेत का अजून?”

मगदूमांच्या शेडमध्ये चार माग होते. देवस्थानांची धोतरं अजून त्यावर निघायची. दुपारी दोन वाजता रेवती आणि बसू तिथं पोचले. दार उघडलं तसा तो धडधडाट अंगावर आला आणि रेवतीनं दोन्ही कानांत बोटं घातली. बसू मात्र दोन मागांच्या मधल्या बोळात, सुताच्या पोत्यावर जाऊन टेकला. तिथला तेलाचा आणि खळीचा वास त्यानं छातीभर ओढून घेतला. धोटे इकडून तिकडे आपटत होते. दहाव्या मिनिटाला त्याची मान कलली आणि तो चक्क घोरू लागला.

अर्ध्या तासानं रेवतीनं त्याला हलवून जागं केलं. शेडमध्ये बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून ती त्याला ओढतच बाहेर कडुलिंबाखाली घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

“तळ बारा आला काका, तोही झोप लागायच्या आधीचा. सत्तेचाळीस नाही, बारा.” तिनं यंत्राचा पडदा त्याच्यापुढे धरला. “तुमचे रोजचे आकडे यायचे चाळीस, बेचाळीस, संध्याकाळी सातला सेहेचाळीस. त्यातून सत्तेचाळीस वजा केले की उरणार काय? शून्य. आणि ओढ शून्य म्हणून चकतीनं थेंब सोडलाच नाही. सहा आठवड्यांत एकही नाही.”

“म्हंजे औषध?”

“मिळालंच नाही तुम्हाला.”

बसूला आधी हसू आलं. मग तो कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून बसला. पहिल्या आठवड्यात वॉर्डात गोळ्या होत्या, पण नंतरचे ते सगळे दिवस, ती मोरी, तो टॉवेल, हे सगळं औषध चालू असताना होत होतं असं तो धरून चालला होता. औषध असताना ही गत, तर चकती काढल्यावर काय, या भीतीनं त्याची झोप उडाली होती. आणि आता कळत होतं, की तो इतके दिवस मोकळ्या हातानंच लढत होता. त्याला अभिमान वगैरे काही वाटला नाही. तो फार दमला होता. आणखी एक आठवडासुद्धा असा निघणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

केंद्रात परतताच रेवती केंद्रप्रमुखांकडे गेली आणि तासाभरानं लाल डोळ्यांनी परत आली. आतापर्यंत अडतीस मागवाले शून्य ठरवून कामावर लावले होते. तळ चुकला म्हटलं, की अडतीसही जणांचं प्रमाणपत्र चुकलं, केंद्राचे पैसे अडकले, केंद्र बंद पडलं, रांगेतली तीनशे माणसं वाऱ्यावर. पुढच्या तुकडीपासून तळ वेगळा मोजू, झालं गेलं उकरू नका, असा हुकूम झाला होता.

“पन मी स्वतः सांगतोय की, मला लागतीय म्हणून!”

“नियमात रुग्णाचं म्हणणं धरत नाहीत काका. व्यसनी माणूस बरा नसताना बरा आहे म्हणेल, म्हणून तो नियम केला. उलटं सांगणारा कुणी भेटेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.” तिनं प्रमाणपत्राचा कोरा नमुना पुढं सरकवला. “एकच वाट आहे. प्रमाणपत्रावर घरच्या माणसाची सही लागते, हा माणूस बरा झाला म्हणून. ती सही झाली नाही, तर तुमची जागा जात नाही आणि बाहेरचं पथक येऊन सगळं नव्यानं तपासतं. फक्त तोवर भत्ता थांबतो.”

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं भारतीपाशी.

त्यानं तिला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तळ, शेड, कडुलिंब, एकही थेंब न मिळालेलं औषध. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“औषधाबगर? तुमी? सहा आठवडं?” ती म्हणाली. “माझ्या आईच्या दिवसाला एक दिस न पिता राहा म्हटलं हुतं, तर राहिला न्हाई. दुसरं काय तरी सांगा.”

शनिवारी दुपारी सदाशिव म्हेत्रे आला. बसूच्याच शेडमधला, त्याचा जुना सोबती. चार महिन्यांपूर्वी शून्य होऊन गोदामात लागलेला. अंगात गोदामाचा निळा शर्ट होता. केंद्रातली कुजबुज त्याच्यापर्यंत पोचली होती. आत उंबऱ्याशी भारती डाळ निवडत होती, म्हणून सदा आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायला लागला. शेडमध्ये जन्म घालवलेली माणसं, त्या गलक्यात एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची.

‘तोंड उघडू नगंस बसू. अडतीस घरं हायत.’

‘तुला लागत न्हाई?’ बसूचेही नुसते ओठ हलले.

सदानं मान खाली घातली, मग वर केली. ‘मरणाची लागतीय. दोनदा घसरलोय. पन कागदावर शून्य हाय, तवर मला पगार दिसतोय. पोरीचं शिक्षण चालू हाय. तुला हात जोडतो.’ आणि त्यानं खरोखरच हात जोडले.

तो गेल्यावर भारती ताटातली डाळ पाखडत म्हणाली, “सदाभाऊ दोनदा घसरलं म्हणा की.”

बसू चपापला. लग्नाआधी भारती चार वर्षं त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला होती, हे दोघंही साफ विसरले होते.

“मग तर पटलं न्हवं तुला?”

“काय पटलं? दोघं मिळून एकच गाणं गातासा, ते पटलं. त्येनी पिऊन बी पगार उचलाय लागल्यात, ते बघून तुमाला बी वाट घावली.” तिचा आवाज चढला. “सोमवारी मी सही करणार. लोकाची उष्टी भांडी, लोकाच्या म्हाताऱ्यांची बेडपॅन, पाच वर्षं करतीय मी. मला बी आता बसायचंय.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चप्पल पायात सरकवून तो बाहेर पडला. पाय कुठं निघालेत हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ते अडवलेही नाहीत. एक क्वार्टर पोटात गेली, की चकतीला ती घामातून लगेच कळली असती. मग तरी बायकोला पटलं असतं, सगळ्यांनाच पटलं असतं. पण उपचार चालू असताना पिणाऱ्याला योजनेतून कायमचं काढत. म्हणजे खरं ठरायचं तर बुडायचं. दुकानाच्या फळीपुढे तो उभा राहिला. मालकानं ओळखीचं हसून हात बाटलीकडे नेला. बसूनं मागं वळून धूम ठोकली, ती पंचगंगेच्या बंधाऱ्यापर्यंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी भर रस्त्यात पळणारा माणूस बघून पोरं हसली. बंधाऱ्यावर बसून तो बराच वेळ धापा टाकत राहिला.

रविवारी भारतीला सुट्टी होती. जेवणं झाल्यावर बसू तिच्यासमोर मांडी घालून बसला. खोटं बोलून बोलून गेलेली पत परत आणायला खरं बोलण्यावाचून दुसरा उपाय त्याला सुचत नव्हता. म्हणून त्यानं सगळं खरं सांगायला घेतलं. बाटल्या कुठं कुठं लपवल्या. पिठाच्या डब्यात, पाण्याच्या टाकीत, गणपतीच्या मखराच्या मागं.

“ठावं हाय,” भारती दर वेळी म्हणत होती. “ते बी ठावं हाय.”

“तुझी आई आजारी हुती. रिक्षा बघायला मी गेलो, आन् रिक्षा न्हाई मिळाली म्हणून परत आलो.”

“व्हय. सहा तास ताटकळली हुती म्हातारी.”

“मी रिक्षा बघायला गेलोच न्हवतो.”

हे तिला ठाऊक नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि शेजारच्या काकूंकडे निघून गेली. बसूला कळलं की आपण होतं नव्हतं तेही घालवून बसलो. उद्या ती सही करणार, आणि केली तर तिला बोल लावायला त्याला तोंड उरलं नव्हतं. तरी इतक्या वर्षांनी ते छातीवरून उतरलं, याचं त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी अकरा वाजता हॉल भरला. योजनेचे साहेब कोल्हापूरहून आले होते. शून्य झालेल्या जुन्या लोकांना पहिल्या रांगेत मानानं बसवलं होतं. त्यांत सदा होता, निळा शर्ट कडक इस्त्रीचा. भारती ठेवणीतली साडी नेसून आली होती. सकाळपासून ती बसूशी बोलली नव्हती.

बसूचं नाव पुकारलं. तो मंचावर गेला, पाठोपाठ भारती गेली. रिवाजाप्रमाणे रेवतीनं त्याच्या छातीवरची चकती काढली आणि चिमट्यानं तिच्यातली नळी बाहेर ओढली. ही नळी ट्रेमध्ये टाकायची असते. रेवतीनं एकवार केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. मग तिनं ती नळी ट्रेमध्ये टाकली नाही. ती तिनं भारतीच्या तळहातावर ठेवली.

भारतीनं नळी उजेडाकडे धरली. पाच वर्षं तिनं दवाखान्यात सलाइनच्या बाटल्यांवर नजर ठेवली होती. किती गेलं, किती राहिलं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नळी गळ्यापर्यंत भरलेली होती.

“ह्यातनं काय गेलंच न्हाई?” तिनं विचारलं.

“एक थेंबसुद्धा नाही!” साहेब माइकवरून कौतुकानं म्हणाले. “बघा मंडळी, याला म्हणतात जिद्द! औषधाची गरजच पडली नाही!”

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. भारतीनं टाळी वाजवली नाही. मोरीचं बंद दार तिनं रोज संध्याकाळी पाहिलं होतं. आतून येणारा तो कण्हण्याचा आवाज ऐकून, औषध भिनतंय, सोसवेना झालंय, पण बरं होतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. एकदा तर दोरीवरचा टॉवेल घडी करताना त्याची किनार चावून चावून फाटलेली तिला दिसली होती आणि तिनं तो मुकाट्यानं शिवून ठेवला होता. तिचा चेहरा कसनुसा झाला. तिनं नळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बसूला त्या नजरेचा अर्थ लागेना, इतकी ती वेगळी होती.

“इथं सही करा वहिनी,” साहेबांनी पेन पुढं केलं.

“न्हाई करत.”

“अहो, नुसती साक्ष आहे. हा माणूस बरा झालाय, एवढंच.”

“बरा झाला न्हाई त्यो.” भारतीला माइकची सवय नव्हती, तिचा आवाज हॉलभर घुमला. “चार दिवस झालं सांगतोय, मला लागतीय, मला लागतीय. मी बी ऐकलं न्हाई. बरा झाला म्हणून तुमी लिवलं आन् औषध न देताच त्येला सोडून दिलासा. आता त्येला औषध द्या. मी सही करत न्हाई.”

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की पहिल्या रांगेतले मागवाले जागच्या जागी चुळबुळू लागले. केंद्रप्रमुख उठून उभे राहिले. साहेबांनी माइक बंद केला आणि रेवतीला कागद घेऊन आत बोलावलं. ती गेली. जाताना तिनं मगदूमांच्या शेडमधली मोजणीही बरोबर घेतली.

तासाभरात निर्णय झाला. पंधरा दिवसांत बाहेरचं पथक येणार. अडतीसही जणांचे तळ पुन्हा मोजणार. तोवर ते कामावर जाणार नाहीत. बसूची जागा कायम, नवी चकती पथक आल्यावर, भत्ता बंद. सदा उठला आणि बसूच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, निघून गेला. निळ्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. बसूला त्याला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारणार? उद्यापासून अर्धी गल्ली आपल्याशी बोलणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. सदाला थेंब मिळेल का आधी नोकरी जाईल, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

दोघं बाहेर आले. दुपारचं ऊन रणरणत होतं. केंद्राच्या पायऱ्या उतरता उतरता भारती थांबली. तिची तीनची पाळी होती, आणि आता ती बुडवून चालणार नव्हतं.

“रिक्षाचं मी विसरणार न्हाई,” ती म्हणाली. “मरेस्तवर न्हाई.”

“नगंस विसरू.”

मग तिनं विचारलं, “आत्ता लागतीय?”

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. प्यालासा का, किती प्यालासा, कुणाबरोबर प्यालासा, एवढंच ती विचारायची. बसूच्या छातीवर चकतीच्या जागी नुसता लालसर वळ होता. आता त्याच्याबद्दल सांगणारा तो एकटाच होता.

“व्हय,” तो म्हणाला.

“किती?”

“लई.”

“मग बसा हितंच. उतरली की सांगा.” आणि ती स्वतःच आधी पायरीवर बसली. त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि नाडी बघावी तसा घट्ट धरून ठेवला. तीनचे साडेतीन झाले तरी तिनं तो सोडला नाही.